थाई स्वयंपाकातली फळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाला तिथल्या फळांबद्दल विचारलं, तर बहुतेक वेळा दोनच गोष्टी ऐकू येतात: ड्युरियन या काटेरी फळाचा वास आणि मँगो स्टिकी राइस, म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. तिथल्या स्वयंपाकात फळांचा पसारा याहून खूप मोठा आहे आणि त्यातलं बरंच काही कोकणातल्या, गोव्यातल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटेल. तिकडे निघालेले आणि घरी थाई जेवण करून पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

थाई लोक फळं जेवणानंतर खातात की जेवणात?

दोन्ही. जेवण झालं की कापलेलं फळ पुढे येतं, मधल्या वेळेलाही फळच खाल्लं जातं. पण खरी गंमत स्वयंपाकघरात आहे. झाडाला फळ धरल्यापासून ते पार पिकेपर्यंत प्रत्येक टप्प्याला त्याचा काही ना काही उपयोग ठरलेला असतो. कच्ची पपई कुटली जाते, कोवळा फणस शिजवला जातो, कैरी मासळीबरोबर खाल्ली जाते, पिकलेलं केळं नारळाच्या दुधात पडतं. आंबट फळांनी रश्शाला आंबटपणा येतो, गोड फळं तिखट करीची धार बोथट करतात. आणि जवळजवळ सगळीकडे मीठ असतं, गोड पदार्थांतही. फळाच्या गोडीला मिठाची जोड हवीच, हे तिथल्या हाताला पक्कं ठाऊक आहे. हे एकदा समजलं की थाई फळांचे निम्मे पदार्थ घरी जमू लागतात.

हातगाडीवर फळांबरोबर जी छोटी पुडी देतात, त्यात काय असतं?

साखर, मीठ आणि कुटलेली मिरची. तिला ‘प्रिक क्लुआ’ म्हणतात. काचेच्या पेटीत बर्फावर ठेवलेलं कलिंगड, अननस, पेरू, कैरी, जाम यांतलं काय हवं ते सांगायचं. विक्रेता समोर तुकडे करून पिशवीत भरतो, टोचून खायला एक काडी देतो आणि ही पुडी वर टाकतो. आपण शाळेबाहेर कैरी आणि रायआवळे तिखट-मिठाला लावून खाल्ले, त्यातलाच हा प्रकार. साखर तेवढी जास्तीची. रायआवळा तिथेही मिळतो, त्याला ‘मायोम’ म्हणतात आणि तोही असाच खातात.

पेरूबद्दल एक सांगायला हवं. थाई पेरू मोठा, हिरवा आणि सफरचंदासारखा कडक असतानाच खातात. आपल्या पिकलेल्या पेरूचा घमघमाट त्यात शोधू नका. त्याचा कुरकुरीतपणा आणि प्रिक क्लुआ यांची जोडी मात्र झकास आहे.

कोणत्या महिन्यात गेलं तर जास्त फळं मिळतील?

मला विचाराल तर मे आणि जून. आंब्याचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा असतो. पूर्वेकडच्या चांथाबुरी, रायोंग आणि त्रात या प्रांतांत मे-जूनच्या सुमारास ड्युरियन, मँगोस्टीन आणि रामबुतान एकाच वेळी भरभरून येतात. दक्षिणेत हीच फळं थोडी उशिरा, साधारण जुलैपासून सुरू होतात. उत्तरेत चियांग माय आणि लाम्फूनच्या भागात जुलै-ऑगस्टला लोंगन येतं. या झाडाला पोटॅशियम क्लोरेट हे रसायन दिलं की अवेळीही मोहर येतो, त्यामुळे लोंगन आता वर्षभर दिसतं. केळी, पपई, अननस आणि शहाळी यांना तर हंगामच नाही.

बँकॉकमध्ये एकाच ठिकाणी उत्तम फळं बघायची असतील तर चतुचक जवळचा ओर तोर कोर बाजार गाठा. भाव चढे असतात, पण मालाची निवड पाहण्यासारखी असते.

थाई आंबा आपल्या हापूसपेक्षा वेगळा कसा?

हापूसशी त्याची तुलना करूच नये, कारण दोघांचं काम वेगळं आहे. ‘नाम डोक माय’ हा लांबट, टोकदार, पिवळाधमक आंबा. रेषा नाही, गर मऊ तरी कापल्यावर आकार धरून राहतो, आणि वास सौम्य. ‘ओक रोंग’ हा जुना प्रकार आकाराने लहान आणि गोडीला जास्त. भाताबरोबर जुनी मंडळी तोच पसंत करतात. ‘खिआओ सवोय’ मात्र हिरवा असतानाच खायचा. तो कच्चा असूनही फार आंबट नसतो, चावला की कडकन मोडतो आणि मागून हलकी गोडी येते.

या कच्च्या आंब्याबरोबर ‘नाम प्ला वान’ नावाचं दाट, चिकट तोंडीलावणं असतं: माशाचा सॉस आणि माडाचा गूळ एकत्र आटवायचा, त्यात चिरलेले छोटे लाल कांदे, सुकी कोळंबी आणि मिरची घालायची. गोव्यात माडाचा गूळ मिळतो, त्यामुळे तिथल्या वाचकांना हे घरी सहज करता येईल. मासळी खाणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी चाखावं. खारट, गोड, तिखट आणि आंबट या चारही चवी एका घासात येतात.

कैरीच्या किसाची ‘याम’ म्हणजे आंबट-तिखट कोशिंबीरही करतात. मांगुर मासा शिजवून, पिंजून, तेलात फुलवून कुरकुरीत करायचा आणि त्यावर ही कोशिंबीर घालायची. कुरकुरीत मासा मऊ पडायच्या आत ती संपवावी लागते.

मँगो स्टिकी राइस घरी करता येतो का? आपला इंद्रायणी चालेल का?

करता येतो, पण इंद्रायणी चालणार नाही. इंद्रायणी चिकट असला तरी नेहमीच्याच भाताच्या जातीतला. इथे लागतो तो खरा चिकट तांदूळ, ज्याच्या पिठूळ भागात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिन, म्हणजे चिकटपणा आणणारं स्टार्चच असतं. थाई तांदूळ मिळाला तर उत्तम. नाहीतर आसामचा बोरा तांदूळ याच प्रकारचा आहे आणि ऑनलाइन मिळतो.

दोन वाट्या तांदूळ रात्रभर भिजवा. सकाळी निथळून मोदकपात्रात ओल्या फडक्यावर पसरून अर्धा तास वाफवा. पाण्यात शिजवू नका, लगदा होईल. तांदूळ वाफेवर असतानाच दीड वाटी घट्ट नारळाचं दूध, पाऊण वाटी साखर आणि पाऊण चमचा मीठ गरम करून साखर विरघळवा. वाफाळता भात या गरम दुधात घालून हलक्या हाताने कालवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. आधी पातळ दिसेल, घाबरू नका. भात सगळं दूध पिऊन घेतो आणि दाणा चकचकीत होतो. वर घालायला अर्धी वाटी घट्ट दूध, मिठाची मोठी चिमूट आणि चमचाभर तांदळाची पिठी एकत्र गरम करून जरा दाट करा. हे वरचं दूध खारट लागलं पाहिजे. शेवटी भाजलेले तीळ किंवा कुरकुरीत तळलेली मुगाची डाळ.

आंबा कोणता? हापूस चालतो, पण त्याचा वास नारळाला मागे सारतो. मला केशर जास्त जुळतो असं वाटतं. पायरी रसाची, तिच्या फोडी होत नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये थाई रॅपर मिलीने अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर हा पदार्थ खाल्ला आणि त्यानंतर थायलंडमध्येच त्याची मागणी एकदम वाढली.

सोम तम या कोशिंबिरीत पपई का? ती तर परदेशी आहे ना?

हो, पपई अमेरिका खंडातली. मिरचीही तिकडचीच. तरीही या दोघींनी थाई जेवणात असं घर केलं आहे की त्यांच्याशिवाय ते कसं होतं याची कल्पना करणं अवघड जातं. सोम तम मूळचं ईशान्येकडच्या इसान भागातलं आणि शेजारच्या लाओसमधलं. मातीच्या उंच कुंडीत लसूण, मिरची आणि गूळ लाकडी मुसळीने ठेचतात, मग चवळीच्या शेंगा आणि टोमॅटो, आणि शेवटी कच्च्या पपईचा कीस. मुसळीचे घाव हलके असतात. पपई चेचायची नसते, तिच्यात रस मुरवायचा असतो. म्हणून एका हाताने कुटताना दुसऱ्या हातातल्या मोठ्या चमच्याने ती सतत उलटत राहावी लागते. लिंबू, माशाचा सॉस, कधी चिंच.

‘सोम तम थाई’ या प्रकारात शेंगदाणे आणि सुकी कोळंबी असते. परक्या जिभेला तो सोपा. इसानी लोक त्यात ‘प्ला रा’ म्हणजे आंबवलेल्या माशाचं गडद पाणी घालतात, त्याचा वास उग्र असतो. काही विक्रेते आंबट अंबाड्याच्या फोडीही सालीसकट टाकतात. भाद्रपदात गोव्यात ज्या अंबाड्यांचं रायतं होतं, तेच हे फळ. तिथे त्याला ‘माकोक’ म्हणतात. पपईच्या जागी मिश्र फळं घालून केलेलं ‘सोम तम फोनलामाय’ही मिळतं. मुलांना ते आवडतं, मात्र मिरची कमी सांगायला विसरू नका.

पपनसाचं काय करतात?

पपनस हे आपल्याकडे उपेक्षित राहिलेलं फळ आहे, आणि ‘याम सोम-ओ’ खाल्ल्यावर मला हे फार जाणवतं. पपनसाचे पाकळे सालं काढून मोकळे करायचे, त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, तळलेला कांदा, उकडलेली कोळंबी आणि चिंच-गुळाचं दाटसर मिश्रण. पपनसातल्या रसाच्या एकेक कोशिका दाताखाली फुटतात आणि खोबऱ्याचा खमंगपणा मागून येतो. कोळंबी वगळली तरी काही बिघडत नाही. नाखोन पाथोम प्रांतातल्या नाखोन चाय सी भागातलं पपनस नावाजलेलं आहे. दक्षिणेत पाक फनांगला माणकासारख्या लाल गराचं पपनस होतं, ते महाग असतं.

गणपतीच्या दिवसांत पपनस बाजारात आलं की हा पदार्थ नक्की करून पाहा. फळ घेताना आकारमानाच्या मानाने जड वाटेल तेच घ्या.

ड्युरियन खरंच खाण्यासारखं आहे का?

हो. पहिल्या घासालाच आवडेल असं नाही, पण आवडलं की माणूस हंगामाची वाट पाहू लागतो. गर कस्टर्डसारखा दाट, गोड, आणि त्यात कुठेतरी कांद्या-लसणाची छटा. त्या वासामागे गंधकाची संयुगं आहेत. बंद खोलीत वास दिवसभर रेंगाळतो, म्हणून हॉटेलं, विमानं आणि बँकॉकच्या मेट्रोत ते नेऊ देत नाहीत. तो नियम पाळा आणि फळ बाजारातच बसून खा.

सुरुवात ‘मोंथोंग’ने करा. तो गोडसर, सौम्य, भरपूर गराचा आणि छोट्या आठळीचा. ‘चनी’ जास्त मऊ आणि वासाला जास्त तीव्र. ‘कान याओ’ म्हणजे लांब देठाचा. बँकॉकलगतच्या नोंथाबुरीतल्या जुन्या बागांचा कान याओ प्रचंड महाग असतो. २०११ च्या महापुरात तिथल्या अनेक बागा गेल्या, त्यामुळे उरलेल्या झाडांची किंमत आणखी वाढली. मलेशियात फळ आपोआप गळून पडायची वाट पाहतात; थायलंडमध्ये ते देठासकट कापून उतरवतात आणि मग पिकू देतात. म्हणून थाई ड्युरियनचा गर जरा घट्ट असतो आणि तिथल्या लोकांना तसाच आवडतो. तयार फळ ओळखायला विक्रेता काठीने ठोकून आवाज ऐकतो. ही पारख वर्षांनुवर्षांची असते, तिच्यावर विश्वास ठेवा.

ज्यांना ताजं झेपत नाही त्यांच्यासाठी कच्च्या ड्युरियनचे तळलेले काप आहेत, आपल्या फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची आठवण करून देणारे. गर साखरेत आटवून केलेली वडी असते आणि नारळाच्या दुधातलं ड्युरियन चिकट भातावर घालूनही देतात. चांथाबुरीत तर कच्चं ड्युरियन मस्समन नावाच्या मसालेदार करीत बटाट्याच्या जागी पडतं. ड्युरियनबरोबर दारू घेऊ नये असं थाई लोक बजावून सांगतात. ड्युरियन ‘उष्ण’, म्हणून त्यावर ‘थंड’ मँगोस्टीन खायचं, हीही तिथली जुनी रीत.

मँगोस्टीन आणि कोकम यांचं काही नातं आहे का?

आहे, दोन्ही गार्सिनिया या एकाच कुळीतली. मँगोस्टीनच्या बुडाशी फुलासारखी पाकळ्यांची खूण असते. जितक्या पाकळ्या तितक्या आतल्या पांढऱ्या फोडी, आणि जास्त फोडी म्हणजे बहुधा छोटी बी. दाबल्यावर साल किंचित दबली पाहिजे. दगडासारखी टणक असेल तर फळ जुनं. सालीचा जांभळा डाग कपड्यावरून जात नाही. नाखोन सी थम्मरातमध्ये कच्चं मँगोस्टीन सोलून काडीला लावून विकतात, तेही कुरकुरीत आणि छान लागतं.

याहून मला भावतात ती या कुळीतली बाकीची झाडं. दक्षिण थायलंडमध्ये ‘सोम खेक’ नावाच्या गार्सिनियाच्या फळाच्या चकत्या वाळवून ठेवतात आणि मासळीच्या आंबट रश्श्यात टाकतात. मालवणातली आमसुलं टाकलेली मासळीची आमटी आणि तिथला हळदीने पिवळा झालेला मासळीचा रस्सा समोरासमोर ठेवले, तर आंबटपणाची जात एकच आहे हे कळतं. चांथाबुरीत याच कुळीतल्या ‘चामुआंग’ची आंबट पानं डुकराच्या मांसात शिजवतात.

रामबुतान, लोंगन, लोंगकोंग यांच्यात फरक काय?

रामबुतान केसाळ, लाल. सुरत थानीच्या ना सान भागातली ‘रोंगरिअन’ जात सर्वांत गोड मानली जाते, तिचा गर बीपासून सहज सुटतो. त्यातली बी काढून अननसाचा तुकडा भरलेलं फळ डबाबंदही मिळतं. लोंगन लिचीच्या नात्यातलं, तपकिरी आणि मधासारखं गोड. सुकवून त्याचं काढ्यासारखं थंड सरबती पेय करतात, आणि चिकट भाताच्या खिरीतही घालतात. लोंगकोंग घोसात येतं, आंबटगोड, पाकळीदार. तिन्ही सोलून तशीच खा.

फणस आपल्याकडचाच का?

फणसाचं मूळ पश्चिम घाटात आहे, त्यामुळे ‘आपला’ म्हणायला हरकत नाही. उत्तर थायलंडमध्ये कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, ‘केंग खनून’ ही करी करतात, त्यात टोमॅटो आणि डुकराच्या बरगड्या असतात. सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सणात, १६ एप्रिलला, ती खाल्ली की वर्षभर आधार मिळतो अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. कुयरी उकडून, मिरचीच्या वाटणाबरोबर कुटून, लसणाच्या फोडणीत परतलेली ‘तम खनून’ तर आपल्या कुयरीच्या भाजीच्या फार जवळची. पिकलेले गरे कापा जातीसारखे घट्ट असतात आणि बर्फ घातलेल्या नारळाच्या दुधातल्या गोडात चिरून पडतात. आठळ्या उकडून खातात. दक्षिणेतला ‘चंपादा’ हा भाऊबंद मात्र बरक्यासारखा मऊ. सातून प्रांतात त्याचे गरे पिठात बुडवून तळतात.

करीमध्ये फळ घालतात ते पर्यटकांसाठी का?

मुळीच नाही. भाजलेल्या बदकाच्या लाल करीत द्राक्षं, अननस किंवा लिची घालतात, कारण बदकाच्या चरबीला आंबटगोडाची गरज असते. अननस आणि शिंपल्यांची नारळाच्या दुधातली करी ही घरगुती आहे. उन्हाळ्यातला ‘खनोम चीन साओ नाम’ मला सगळ्यांत देखणा वाटतो: तांदळाच्या शेवयांवर बारीक चिरलेला अननस, आलं, लसूण, सुक्या कोळंबीची पूड आणि वरून नारळाचं दूध. आपल्या शेवया आणि नारळाच्या रसाची सवय असलेल्यांना हा लगेच पटेल. पोखरलेल्या अननसात वाढलेला परतलेला भात दिसायला सुरेख, पण चवीला तो यांच्यामागेच.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी काय सांभाळावं?

नुसतं कापलेलं फळ निर्धास्त खा. कोशिंबिरींत माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी गृहीत धरलेली असते, म्हणून आधीच सांगा: ‘माय साय नाम प्ला’, माशाचा सॉस नको, ‘माय साय कुंग हेंग’, सुकी कोळंबी नको. तरी सोम तमची कुंडी तीच असते, ज्यात आधीच्या गिऱ्हाइकासाठी प्ला रा कुटलेलं असतं. हे चालणार नसेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. मात्र बटाटा आणि इतर कंद त्यांना वर्ज्य नाहीत, हे जैन मंडळींनी विचारून घ्यावं.

मिठाईत अंड्याचा पिवळा बलक सर्रास असतो. मुगाच्या डाळीच्या पुरणाची इवलीशी रंगीत फळं मिळतात, ती ‘लूक चुप’. पोर्तुगिजांच्या बदामी मार्झिपानवरून आलेली ही मिठाई थाई हातांनी मूग आणि नारळाची केली. तिच्यावर अगर-अगरचा (चायना ग्रासचा) चकचकीत थर असतो. गोव्याच्या नाताळात मार्झिपान खाल्लेल्यांना तिचं कूळ लगेच ओळखू येईल.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर?

ड्युरियनच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५० कॅलरी असतात आणि पोटॅशियमही भरपूर, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच खा. गोव्यात ज्याला करमल म्हणतात ते स्टारफ्रूट मूत्रपिंडाच्या रुग्णांना विषारी ठरू शकतं. त्यांनी ते अजिबात खाऊ नये.

येताना फळं आणता येतील का?

ताजी फळं, बिया आणि रोपं यांना वनस्पती-विलगीकरणाचे नियम लागतात, त्या भानगडीत पडू नका. ड्युरियनचे सीलबंद काप, फेचाबूनची गोड चिंच आणि सुकवलेला आंबा आणायला सोपे.

घरी करायचा पहिला पदार्थ कोणता?

‘क्लुआय बुआत ची’, नारळाच्या दुधातली केळी. सगळं सामान आपल्या घरात असतं. नुकतीच पिवळी झालेली घट्ट केळी घ्या, राजेळी मिळाली तर फार छान. सालीसकट वाफवा, साल फुटली की काढा, म्हणजे तुरटपणा जातो. तिरपे मोठे तुकडे करा. दोन वाट्या पातळ नारळाच्या दुधात माडाचा गूळ किंवा साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून उकळी आणा. कोकणात भाताला वास यावा म्हणून अंगणात पांदान लावतात, त्याचं एक पान गाठ मारून त्यात सोडा. केळी घालून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. शेवटी एक वाटी घट्ट दूध घाला, कडेला बुडबुडे दिसले की आच बंद करा, नाहीतर दूध फुटेल. गरमच वाढा.